चित्राच्या कडेला

बरणीचं झाकण टणकन फरशीवर पडलं, स्वतःभोवती गोल गोल फिरलं आणि निपचित झालं. सकाळपासून चिडीचूप असलेलं घर दचकलं.

"बी दाही पाडलं," टेबलाखालून भिंगरी म्हणाली. नाक चोंदलं होतं, म्हणून आज शाळेला सुट्टी. आणि ती घरी, म्हणून आईचं कामही घरी.

आईने मान वर केली नाही. तिच्यासमोर पडद्यावर एका सुताराचं यकृत होतं, आणि यकृतात लिंबाएवढी गाठ. रुग्णालयात स्कॅन वाचणारी डॉक्टर ती. चार वाजेपर्यंत सर्जनना तिचं उत्तर हवं होतं. कर्करोग तर नक्कीच होता. पण गाठ स्वभावाने गरीब की जहाल? गरीब असेल तर सुतार उद्या सकाळी थेट शस्त्रक्रियेला. जहाल असेल तर आधी तीन महिने औषधं, मग पुढचं पुढे. जहाल गाठीला घाईने हात घातला तर ती चवताळून परत येते. आणि गरीब गाठीला तीन महिने मोकळं सोडलं, तर ती गरीबच राहील याची हमी कोण देणार?

कापण्याआधीच, नुसत्या चित्रावरून गाठीचा स्वभाव ओळखणारा एक प्रोग्राम रुग्णालयाने नुकताच आणला होता. हजारो जुनी चित्रं बघून तो शिकला होता. शंभरपैकी आकडा द्यायचा; मोठा आकडा म्हणजे जहाल गाठ. सुताराला त्याने एक्क्याण्णव दिले होते.

तिला ते काही पचेना. तिच्या डोळ्यांना ही गाठ साधीसुधी दिसत होती. कड गुळगुळीत, आतून एकसारखी. मग याला असं काय दिसलं, जे आपल्याला दिसत नाही?

भिंगरी मांडीवर चढली. "काय करतेस?"

"याला कशावरून कळलं ते शोधतेय. बघ हं, गंमत." तिने माऊसने गाठीवर काळा चौकोन ओढला आणि प्रोग्रामला पुन्हा विचारलं.

नव्वद.

ती चक्रावली. गाठच झाकली, तरी नव्वद? तिने अख्खं यकृत झाकलं. एकोणनव्वद.

"अरे लबाडा," ती पुटपुटली.

भिंगरीला खेळ फारच आवडला. "आता हे झाक! आता ते!" जठर झाकलं, पाठीचा कणा झाकला. आकडा ढिम्म. शेवटी चित्राच्या अगदी कडेला, पोटाच्या बाहेर, एक पांढरट गोळा तेवढा उरला. रिपोर्ट लिहिताना तिकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. तिने सगळे काळे चौकोन पुसले आणि फक्त तो गोळा झाकला.

चौतीस.

"तो काय आहे, आई?"

"हात," ती म्हणाली.

स्कॅनच्या वेळी हात डोक्यावर घ्यायला सांगतात. ज्यांच्यात तेवढंही त्राण नसतं, त्यांचे हात कुशीला पडून राहतात आणि चित्राच्या कडेला असे गोळ्यासारखे उमटतात. अशा खंगलेल्या माणसांच्या गाठी बहुतेक वेळा जहालच निघाल्या होत्या. जुन्या चित्रांतून प्रोग्रामने नेमकं तेवढंच उचललं होतं. हात खाली, की गाठ वाईट.

तिने फोन लावला. सर्जन तिचे जुने सर. ती डॉक्टर होऊन आई झाली तरी त्यांच्या लेखी अजून बाळच.

"सर, त्या सुताराचा हात वर जातो का?"

"कसला जातोय! वर्षभर खांदा धरलाय त्याचा. काल मला म्हणतो, डॉक्टर, पोट उघडताच आहात तर जाता जाता खांद्याच्या बिजागरीलाही तेल घाला. पण तुला हात कशाला हवाय, बाळ? मी लिव्हर कापणार आहे."

तिला हसू आलं. मग तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे एवढे दिवस आपण माणसांचे हात मोजत होतो?"

"तसंच म्हणायचं, सर."

"आणि हात झाकला की?"

"चौतीस."

"शाब्बास!" सरांचा आवाज एकदम मोकळा झाला. "बायको कधीची दाराशी बसून आहे त्याची. आत्ताच सांगतो तिला, उद्या सकाळी घेतो म्हणून. चौतीस लिहू ना?"

तिने हो म्हणायला तोंड उघडलं.

भिंगरी पडद्यापाशी वाकली होती. नाक ओढत, डोळे बारीक करून ती त्या आकड्याकडे बघत होती.

"आई," तिने विचारलं, "मग हात झाकल्यावर आता हा कुठे बघतोय?"