शुक्रवारची एफुआ

"येतोय म्हणजे येतोय, मान्सा. तीनच्या आत दवाखान्यात असेन."

"एबो, तुझं हे 'येतोय' ऐकता ऐकता मला दोन पोरी झाल्या," मान्सा पलीकडून म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

एबो क्वांसाने तमाले विमानतळाच्या काचेतून बाहेर पाहिलं. हरमाटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ इतकी दाट होती की धावपट्टी कुठे आहे तेही कळत नव्हतं. सातचं विमान आधी आठचं झालं, मग साडेनऊचं. त्यानंतर काउंटरवरच्या बाईने वेळ सांगणंच सोडून दिलं.

अक्राच्या एका कंपनीसाठी तो शियाच्या तेलबिया खरेदी करायचा. नऊ वर्षं, दर आठवड्याला एक फेरी. या नऊ वर्षांत त्याने रक्तदाबाच्या गोळ्या मिळवल्या, कंबरदुखी मिळवली आणि एक तीन वर्षांची धाकटी मुलगी मिळवली, जिला कुणी विचारलं की बाबा कुठे राहतात, तर ती "विमानतळावर" म्हणून सांगायची. पहिली मुलगी झाली तेव्हा तो कुमासीच्या विमानतळावर होता. दुसरी झाली तेव्हा इथेच, याच बाकावर. या तिसऱ्या खेपेला तर बायकोबरोबर तो एकदाही तपासणीला गेला नव्हता. तारीख ठरली की विमान रुसलंच म्हणून समजा. "डॉक्टर विचारत होते, या पोरींना बाप आहे की नुसता कागदावरच?" मान्साने मागच्या महिन्यात सांगितलं होतं. ती हसत सांगत होती, पण ते त्याला लागलं होतं.

शेजारी साठीचा एक म्हातारा बसल्या बसल्या गाढ झोपला होता. घोषणा झाली की एक डोळा उघडायचा, ऐकायचा आणि पुन्हा मिटायचा.

"मामा, कमाल आहे तुमची," एबो म्हणाला.

"सवय आहे बाबा. दर गुरुवारी येतो, दर शुक्रवारी परत. मिळेल तिथे झोपून घ्यायचं."

एबोने बाहेरून पानात बांधलेलं वाचे आणलं आणि अर्धं त्याच्यापुढे केलं. भात आणि चवळ्यांचा वास सुटला होता. पण म्हातारा आधी हात धुवायला लागला. बाटलीतलं पाणी, खिशातला साबण, एकेक बोट, एकेक नख, थेट कोपरापर्यंत.

"मामा, जेवायचंय की नमाज पढायचीय?"

"हातावर पोट आहे रे माझं."

"धंदा कसला?"

"शिवणकाम," म्हातारा घास घेत म्हणाला.

एबो खदखदून हसला. "मग तुम्हाला कसली चिंता! शिंप्याने वेळेवर काम दिलं तर गिऱ्हाईकच घाबरतं. माझ्या लग्नाचा अंगरखा लग्नानंतर आठ दिवसांनी मिळाला!"

"आमची ख्यातीच आहे तशी," म्हातारा गालात हसला. "पण आज खरंच एक जण वाट बघतेय अक्रात. तुझं काय?"

मग एबोने सगळं सांगितलं. दुपारी तीनला बायकोचं ऑपरेशन, अक्रातल्या लाबोनेच्या छोट्या दवाखान्यात. मुलगी आहे, वारावरून नावही ठरलंय. "शुक्रवारची म्हणजे एफुआ. आज संपून शनिवार लागला तर आमा म्हणावं लागेल, पण तारीख पक्की आहे. एफुआ वेळेवर येणार. बापाचंच काही खरं नाही."

म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. तो एबोकडे बघत राहिला.

"पहिल्या दोघींच्या वेळीही नव्हतास?"

"नव्हतो, मामा."

बाराला धूळ जराशी विरली. एक विमान येतंय, पण त्यात दहाच जागा आहेत, असं कळलं. काउंटरवरच्या बाईने नावं वाचली. दहावं नाव म्हाताऱ्याचं होतं. एबो अकरावा.

एबो ओरडला, मग हात जोडले, मग पुन्हा ओरडला.

"साहेब, त्या धुळीवर ओरडा, माझ्यावर नको," बाई म्हणाली.

तो बाकावर येऊन बसला आणि चक्क रडायला लागला. चारचौघांत, चाळिशीचा गडी. आता मान्सा काही बोलणारही नाही, हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याचंच त्याला जास्त भय वाटत होतं.

म्हातारा उठून खिडकीशी गेला. त्याने फोन लावला, हलक्या आवाजात बराच वेळ काहीतरी विचारलं. मग काउंटरवर जाऊन स्वतःचं नाव खोडायला लावलं.

"ऊठ. जागा तुझी."

"मामा! आणि तुमचं गिऱ्हाईक?"

"चौकशी केली मी. सगळं ठीक आहे, उद्या सकाळी चालेल. एका दिवसाने काही उसवत नाही." त्याने एबोच्या पाठीवर थाप मारली. "जाऊन ये."

अडीचला एबो दवाखान्याच्या जिन्यावरून धावत वर गेला. मान्सा पलंगावर बसून मक्याची केंकी आणि मासा हाणत होती.

"अगं, खातेस काय? ऑपरेशनआधी उपाशी राहायचं असतं ना?"

मान्सा त्याच्याकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. "आलास तू," ती म्हणाली. "आज नाहीये ऑपरेशन. उद्या सकाळी. डॉक्टर तमालेला अडकलेत."

"म्हणजे? मी जिवाचं रान करून येतो आणि हा तुझा डॉक्टर..."

"ओरडू नकोस. त्यांचा फोन आला होता मघाशी, तुझ्यासाठी निरोप आहे." मान्साने बोटं पुसली. "म्हणाले, 'नवरा पोहोचला की सांग, शिंप्याला एक दिवस उशीर होतोय. एफुआ राहू दे, आता आमा म्हणा.'"