खांद्यावरची एकच फीत

"एकच?"

मुलीच्या खांद्यावरचं कापडी आवरण सगुणाबाईंनी नौदल अकादमीच्या रीतीप्रमाणे स्वतःच्या हातानं काढलं आणि त्या गोंधळल्या. खाली सोनेरी फीत होती, तिला छोटासा गोल वळसाही होता. पण फीत एकच. दुसऱ्या खांद्यावरही एकच.

त्यांचा नवरा लष्करात हवालदार होता. त्याच्या बाहीवरच्या तीन फितींवर त्यांनी वर्षानुवर्षं इस्त्री फिरवली होती. एक फीत म्हणजे लान्सनायक, फितीवाल्यांतली अगदी खालची पायरी, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग चार वर्षं पोरगी इथं शिकली काय? नापास तर झाली नाही ना?

"बाकीच्या दोन कुठायत गं? खरं सांग, मी रागावणार नाही."

"अगं आई, नौदलात अधिकाऱ्याची सुरुवात एकीपासूनच होते. सबलेफ्टनंट झालेय मी!"

तेवढ्यात कवायत शिकवणारे उस्ताद आले, पिकल्या दाढीचे. सगुणाबाईंनी लेकीला कोपरानं ढोसलं. "सलाम कर, मोठे आहेत."

उस्तादांनीच टाचा जुळवून आधी सलाम ठोकला. "अभिनंदन, मॅडम." मग लेकीचा हात वर गेला.

आता मोठं कोण, हेच सगुणाबाईंना उमगेना. तीन फितींचा माणूस दोन वर्षांपूर्वी गेला होता. विचारायचं तरी कुणाला?

"तुझे बाबा असते, तर त्यांनीही आधी हात उचलला असता?"

"अधिकाऱ्याला आधी सलाम, नियम तसाच आहे, आई."

"आणि तू उचलू दिला असतास?"

लेक फितीवरून बोट फिरवत राहिली.

"ऐकलं असतं का त्यांनी माझं?"