सगळ्यांचा एकच चॅनल

साडेसात वाजून गेले तरी रेडिओवर कुणीच बोललं नाही, तेव्हा एझ्राला शंका आली.

खाडीवर दाट धुकं होतं. गुणाजीचा बार्ज कोळसा भरून धरमतरच्या जेट्टीकडे येत होता, पुंडलिकचा रिकामा होऊन खाली निघाला होता, आणि मिठागराच्या वळणावर एका वेळी एकच मावतो. म्हणून तर नियम होता. चॅनल सगळ्यांचा एकच. नाव, जागा, भरलेला की रिकामा, एवढंच बोलायचं आणि बटण सोडायचं. ऐकणाऱ्यानं म्हणायचं, "ऐकलं." एकानं बटण दाबून धरलं की बाकीचे सगळे मुके. जेट्टीवरच्या केबिनमध्ये बसून हा नियम बार्ज चालवणाऱ्या प्रत्येक तांडेलाकडून घोकून घेतला होता तो एझ्रानंच.

त्यानं सेटकडे पाहिलं. लाल दिवा पेटलेला. माईक त्याच्याच मांडीखाली, बटण दाबलेलं.

बायको दीना मुलाकडे इस्रायलला गेली त्याला आठ महिने झाले होते. पेणच्या एसटीडी बूथवरून तीन मिनिटांत काय बोलून होणार? म्हणून सकाळचा चहा पिताना तो तिच्याशी मोठ्यानं बोलत बसे. भिंतींना कान असतात म्हणतात. आज एझ्राच्या भिंतींना अख्ख्या खाडीचे कान होते. दाराला कुलूप लावताना अजून तुला हाक मारतो, हेही तो आत्ताच बोलून गेला होता.

त्यानं माईक ओढून काढला आणि कानात प्राण आणून बसला.

"गुणाजी. वळणाच्या खाली. भरलेला. तुमचं चालू व्हतं, म्हणून नांगर टाकलाय, काका."

"पुंडलिक. वळणाच्या वर. रिकामा. मी पन थांबलोय."

एझ्राचा जीव भांड्यात पडला, आणि मागोमाग शरमेनं मान खाली गेली. भरलेल्यानं आधी यावं, असं त्यानं कसंबसं सांगितलं. दोघांनी पाळीपाळीनं वळण पार केलं. कुणी चेष्टा केली नाही, तेच त्याला जास्त लागलं.

"काका," गुणाजी म्हणाला, "आता तुमचं सांगा."

जेट्टीला कधी कुणी जागा विचारत नाही. एझ्रानं बटण दाबलं.

"एझ्रा. जेट्टीवर." तिसरा शब्द लवकर येईना. "एकटा."

आणि बटण सोडलं.

"ऐकलं," गुणाजी म्हणाला.

"ऐकलं," पुंडलिक म्हणाला.

मग खाडीच्या तोंडाशी धुकं निवळायची वाट पाहत उभ्या असलेल्या, त्यानं कधी न पाहिलेल्या कुठल्याशा बार्जवरूनही आवाज आला, "ऐकलं."