पुस्तकभर एकच बाई

मास्तरांनी प्रुफांचा गठ्ठा प्रकाशकांच्या टेबलावर आपटला. पेनांचा डबा कलंडला, पेनं खाली गडगडली.

"'गिव्ह अप'चं पान कुणी कापलं?"

प्रकाशक चष्म्यावरून बघत राहिले. शेजारच्या टेबलावरून त्यांची भाची उठली. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचं काम तिच्याकडे होतं.

"मी, सर."

"सात अर्थ होते, तीन उरलेत. आणि खाली ही समानार्थी शब्दांची शेपटी. क्विट, सरेंडर, रिलिंक्विश. रिलिंक्विश! घरात भांडताना जन्मात कुणी रिलिंक्विश म्हटलंय?"

"मास्तर, आधी बसा तरी," प्रकाशक म्हणाले. "पाणी घ्या."

"पाणी नको. माझी वाक्यं द्या."

इंग्रजी वाक्प्रचारांचं ते छोटं पुस्तक इतकी वर्षं खपलं ते त्या वाक्यांवरच. 'गिव्ह अप' म्हणजे सवय सोडणं: माझ्या बायकोने साखर सोडली, पण साखर तिला सोडेना. म्हणजे नाद सोडणं: माझ्या बायकोने चष्मा शोधायचा नाद सोडला, तेव्हा तो माझ्या नाकावर सापडला. म्हणजे उठून दुसऱ्याला जागा देणं: माझी बायको खिडकीची जागा कुणाला देत नाही, मलाही नाही. म्हणजे हार मानणं: भांडणात माझी बायको हार मानते, आणि मग जेवणाची वेळ टळून जाते.

त्या जागी आता एका कंपनीने हक्क सोडले होते, सैन्याने शहर सोडलं होतं आणि कुणा खेळाडूने सिगारेट सोडली होती.

"सर, वाक्यं चुकीची नव्हती," भाची म्हणाली. "पण 'पुट अप' उघडा, 'टेक ऑफ' उघडा, पान उघडावं तिथे 'माझी बायको'. पुस्तकभर एकच बाई. मुलं हे पाठ करून मुलाखतीला जातात."

"मग?"

"मी गेले होते. याच पुस्तकावर शिकले मी. तुम्ही सोडलेली एखादी सवय सांगा म्हणाले, आणि माझ्या तोंडातून ती साखरच बाहेर पडली. 'माय वाइफ'सकट. पोट धरून हसले सगळे. नोकरी गेली ती गेलीच."

प्रकाशकांना हसू फुटलं. त्यांनी ते खोकल्यात दाबलं, पण मास्तरांना दिसायचं ते दिसलं.

"हसा. चांगले दात काढून हसा. तिला जाऊन वर्ष नाही झालं. कपडे मुलीने वाटून टाकले. फोटो आहे, तो बोलत नाही. ती बोलते ती फक्त इथे." त्यांनी प्रुफांवर बोट आपटलं. "आणि तुम्ही मला मुलाखतींचं सांगता!"

"अहो, पण वाक्यं तुमचीच ना? दुसरी लिहा," प्रकाशक म्हणाले. "वहिनींना कुठे इंग्रजी येत होतं?"

"नव्हतंच येत. मी मराठीत अर्थ सांगायचो, ती भाजी चिरता चिरता वाक्य द्यायची. मी नुसतं त्याचं इंग्रजी करायचो. माझं एखादं मध्ये घुसवलं की म्हणायची, असलं कोण बोलतं हो? संपलं, ते रद्द. यात एक वाक्य माझं नाही, मालक. एक! आणि तुम्ही तिला हाताला धरून बाहेर काढलंत. तिचं एकही वाक्य गेलं तर हे पुस्तक बंद. छापू नका."

"मग नाही छापत!" प्रकाशकांचाही तोल सुटला. "दुकान आहे हे मास्तर, स्मारक नाही."

"मामा, तू थांब जरा." भाचीने खाली पडलेली पेनं गोळा केली. त्यातलं लाल पेन तिने हातात ठेवलं. "सर, सगळी त्यांची?"

"सगळी."

"आमच्या अख्ख्या वर्गाला वाटायचं, सर बायकोची टिंगल करतात. मलाही वाटायचं. म्हणून तर काढली मी."

मास्तर समोरची खुर्ची ओढून बसले.

"त्यांची असतील तर ठेवते," ती म्हणाली. "एकूण एक ठेवते. मामाचं मी बघते. पण मग ती कुणाची, हे पहिल्या पानावर छापायचं." तिने पहिलं पान पुढ्यात ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं. "काकूंचं नाव काय?"

मास्तरांनी प्रकाशकांकडे पाहिलं. या माणसाने त्यांच्या घरी कितीदा चहा घेतला होता. प्रकाशकांनी मान खाली घातली. त्यांना 'वहिनी' एवढंच माहीत होतं.

मास्तरांनी गठ्ठा ओढून घेतला आणि भराभरा पानं उलटली. माझी बायको. माझी बायको. माझी बायको. नाव एकदाही नव्हतं.

"आण ते पेन इकडे," ते भाचीवर खेकसले.

पहिलं पान भरलेलं होतं. वर पुस्तकाचं नाव, खाली मास्तरांचं, पदव्यांसकट, जाड टायपात, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पेन कागदावर तिच्या नावासाठी जागा शोधत इकडून तिकडे फिरलं.

मग मास्तरांनी स्वतःच्या नावावर रेघ ओढली. त्यावर दुसरी. त्यावर आणखी एक. कागद फाटला तरी त्यांचा हात थांबेना.