सौजन्याचा हक्क

बाळंतपणात हॉइसा गेली. शेत तिच्या माहेरचं होतं. मूल जिवंत जन्मलं आणि त्याचं रडणं घराच्या चार भिंतींत एकदा तरी ऐकू आलं, तरच ते शेत तिच्या नवऱ्याकडे, वॉरिनकडे, तो मरेपर्यंत राहणार. नाहीतर तिच्या भावाकडे परत. या हक्काला आमच्या इंग्लंडात 'कर्टसी' म्हणतात, म्हणजे सौजन्य.

दाराबाहेर साक्षीला दोन शेजारी कान देऊन उभे होते. हॉइसाचा भाऊ ऑस्बर्ट ओरडला, "दाजी, आत सगळं शांत आहे की! बांधा गाठोडं."

आत सुईण बाळाला उराशी धरून कुजबुजली, "वॉरिन, धुगधुगी आहे रे. उबेत राहिलं तर जगेल. रडवलं तर त्यातच जाईल."

"रडव," वॉरिन म्हणाला.

ती हलेना, तेव्हा त्यानंच बाळाला करकचून चिमटा काढला. बाळ एकदाच रडलं. बाहेरून शेजारी म्हणाले, "ऐकलं हो!" ऑस्बर्ट पाय आपटत निघून गेला. सुईणीनं बाळाच्या तोंडावर कापड ओढलं.

वॉरिन निवांत बाकावर टेकला आणि त्यानं पहिल्यांदाच विचारलं,



"मुलगा होता की मुलगी?"