शिडीचा चढ

शेवग्याच्या शेंगा पुन्हा गायब! कुंपणाच्या भिंतीवर ओरखडा, खाली मातीत शिडीच्या पायांचे खळगे. भिंतीपलीकडे राहणाऱ्या, अबोला धरलेल्या दिरावरच कुमुदबाईंचा संशय होता.

जन्मभर गणित शिकवलेल्या बाईंनी टेप काढला. ओरखडा जमिनीपासून सहा फुटांवर, खळगेही भिंतीपासून सहाच फुटांवर. उंची भागिले अंतर, म्हणजे चढ अवघा एक. पडायच्या भीतीने इतकी आडवी शिडी लावणारा माणूस त्यांना एकच ठाऊक होता, आणि तो ओसरीवर पेपरात तोंड खुपसून बसला होता.

"उद्या शिडी जरा उभी लावा, घसराल," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

पेपर हळूच खाली आला.

"आणि भाऊजींना कच्च्या शेंगा काय देता? एकटा जीव! आमटीच न्या."