बोक्याचे कान

सहा वाजले, गल्लीत स्कूटर शिरली, आणि बोका जागचा हलला नाही.

घड्याळजीनं डोळ्यावरचं भिंग काढून त्याच्याकडे पाहिलं. बोका म्हणजे कुत्रा, सुपाएवढ्या लोंबत्या कानांचा. नाव लेकीनं ठेवलेलं, पहिल्याच दिवशी दूध पिऊन तो मिशा चाटत बसला, म्हणून. स्कूटर समोरच्या नर्सबाईंची होती. लेकीचीही तशीच होती, आवाजही तोच. कामावरून ती सहाला घरी यायची. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी निघाली आणि वाटेत ट्रकनं तिला गाठलं. तेव्हापासून रोज सहाला नर्सबाईंची स्कूटर वाजली की बोका दाराकडे धाव घ्यायचा. घड्याळजी हातातला चिमटा ठेवून ती धाव डोळे भरून बघायचा, आणि मग पुन्हा मान खाली घालून कामाला लागायचा. घरात आपल्याशिवाय अजून कुणीतरी तिची वाट बघतंय, एवढाच काय तो त्याला आधार होता.

बायकोचं तंत्र वेगळं. सहाला पाच कमी असताना ती रेडिओ लावायची, तोही असा की फळीवरची भांडी थरथरावीत. घड्याळजी चडफडत उठायचा आणि आवाज कमी करायचा. "अगं, त्याला स्कूटर ऐकू येत नाही!" ती आत निघून जायची. या महिन्यात बोका उठेनासा झाला आणि तिचा रेडिओही थांबला. दोन्ही गोष्टी घड्याळजीच्या जिव्हारी लागल्या. सहा वाजल्याचं आता कुणालाच काही नाही, एवढ्यात विसरले दोघंही.

"खाल्ल्या घरचे वासे मोजणारा निघालास," तो बोक्याला म्हणाला.

बोक्यानं मान वाकडी करून डोकं झटकलं, मागच्या पायानं कान खाजवायला गेला आणि कळवळला. घड्याळजी वाकला तेव्हा कानाला आंबूस वास येत होता.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी दोन्ही कानांत बत्ती धरून पाहिलं.

"काका, याच्या कानात काय घालता?"

"स्पिरिट," घड्याळजी जरा ताठ्यानं म्हणाला. "एक रविवार चुकवला नाही."

रविवारी कान साफ करणं हे लेकीचं काम होतं. ती गेल्यावर ते खंडू नये म्हणून त्यानं आपल्याकडे घेतलं. पण ती ते कसं करायची, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. रविवारीसुद्धा त्याची पाठ घराकडे आणि नाक घड्याळात. मग चाळीस वर्षं हाताला जे वळण लागलं होतं, तेच त्यानं केलं. काडीला कापूस गुंडाळायचा, स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि सांदीकोपऱ्यातून फिरवायचा. बोका ओरडायचा. हा त्याला गुडघ्यांत घट्ट धरून म्हणायचा, "झालं रे राजा, झालंच."

"स्पिरिटनं आतली कातडी भाजलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि काडीनं मळ निघत नाही, आत ठासला जातो. बूच मारल्यासारखा. महिनाभर याला धड ऐकू येत नसणार."

बोका विसरला नव्हता. त्याचे कान बुजवणारे हात घड्याळजीचेच होते.

पडदा शाबूत होता, तेवढं नशीब. डॉक्टरबाईंनी मळ काढला, थेंब लिहून दिले आणि बरं झाल्यावर काय करायचं तेही समजावलं. कुत्र्यांच्या कानांचं बिनस्पिरिटचं औषध घ्यायचं. बाटली मुठीत धरून कोमट करायची. औषध कानात ओतून कानाचं बूड हलकेच चोळायचं, मग त्याला डोकं झटकू द्यायचं. बोट जाईल तेवढंच कापसानं पुसायचं, काडी मुळीच घालायची नाही. कान लाल दिसला तर हात न लावता सरळ इकडे यायचं.

"तुमच्या मुलीला मीच शिकवलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "छान हात होता तिचा."

कान बरे झाले. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी घड्याळजीनं बाटली इतका वेळ मुठीत धरली की बायकोनं दोनदा डोकावून पाहिलं. बोका आधी आक्रसला, मग त्यानं डोकं घड्याळजीच्या मांडीवर टाकलं आणि डोळे मिटले. "चुकलो रे," म्हणत घड्याळजी पोरासारखा रडला.

त्याच संध्याकाळी सहाला स्कूटर आली. बोक्याचे कान हलले. तो उठला, धावला, दारापाशी शेपटी फटाफट आपटू लागला.

"अगं, ये! ऐकू आलं त्याला!"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. समोरचं फाटक वाजलं आणि बंद झालं. बोक्याची शेपटी मंदावली, थांबली. त्यानं दाराखालच्या फटीला नाक लावून हुंगलं, आणि तिथंच अंग टाकून घशातल्या घशात रडायला लागला.

आज घड्याळजीच्या हातात काम नव्हतं. धावेनंतरचं त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

"असा किती वेळ पडून राहतो हा?"

"अंधार पडेपर्यंत," ती म्हणाली. "महिनाभर तेवढं सुटलं होतं बिचाऱ्याचं."

दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना घड्याळजी कामावरून उठला, त्यानं रेडिओ लावला आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.